नंबर प्लेट बाजूला कशी गेली?

आजचा विषय २०० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच आहे. खरंच तेवढाच. आपल्याकडे मोटरसायकलच्या मागे जी नंबर प्लेट असते तिचं ते माप. आणि त्यातही आपण बोलणार आहोत ती प्लेट मागच्या मडगार्डवरून काढून बाजूला, चाकाच्या एक्सेलपाशी, बहुतेकदा उभी करून लावायची जी तऱ्हा आहे तिच्याबद्दल. बॉबर, चॉपर असल्या कस्टम गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच येईल. मागचं टायर पूर्ण मोकळं, वर काही लटकत नाही, आणि डाव्या बाजूला एका छोट्या ब्रॅकेटवर दिवा आणि नंबर.

हे सगळं कायद्याला बगल देण्यासाठी कुणा पोरांनी काढलेलं खूळ आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. अर्धं खरं आहे. पण मला हा इतिहास वाचताना सर्वात जास्त मजा आली ती एका गोष्टीची: बाजूने वाचायची नंबर प्लेट मोटरसायकलवर पहिल्यांदा आली ती कायद्यामुळेच. आणि तिने जीव धोक्यात घातले म्हणून कायद्यालाच ती काढावी लागली.

सुरुवात करू १९०३ पासून. ब्रिटनमध्ये त्या वर्षी मोटर कार ॲक्ट आला आणि १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला. प्रत्येक गाडीची नोंदणी हवी, नंबर गाडीवर दिसला पाहिजे, आणि वेगमर्यादा ताशी २० मैल. लंडनचा 'ए १' हा नंबर मिळवला अर्ल रसेल यांनी, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू. व्हीआयपी नंबरची हौस ही काही आपल्याकडच्या नगरसेवकांची मक्तेदारी नाही, नंबर प्लेटच्या जन्मासोबतच ती जन्माला आलीय.

मोटरगाडीला पुढे आणि मागे पाटी लावणं सोपं होतं. भरपूर पत्रा, भरपूर जागा. मोटरसायकलचं काय? ती तेव्हा इंजिन बसवलेली सायकलच होती. पुढून बघितलं तर एक अरुंद चाक, दोन नळ्या आणि एक दिवा. तिथे आडवी पाटी लावायची कुठे? लावली तरी वारा अडणार, हँडल जड होणार. मग तोडगा निघाला तो असा. पुढच्या मडगार्डच्या वर, मडगार्डच्याच गोलाईत वळवलेली पत्र्याची एक पट्टी उभी करायची. चाकाच्या रेषेत. आणि तिच्या दोन्ही अंगांवर नंबर रंगवायचा. म्हणजे रस्त्याच्या डाव्या फुटपाथवरच्यालाही नंबर दिसतो, उजवीकडच्यालाही. समोरून येणाऱ्याला मात्र काय दिसतं? पत्र्याची धार.

जुन्या इंग्लिश गाड्यांचे फोटो पाहा. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, सगळ्यांच्या पुढच्या चाकावर ही कमान दिसते. दिसायला फार देखणी. घोड्याच्या आयाळीसारखी. पण ती बसवलीय कुठे ते लक्षात घ्या. मोटरसायकल पादचाऱ्याला धडकते तेव्हा जो भाग सर्वात आधी पोचतो, नेमकी तिथे, पातळ पत्रा, कड पुढे करून. लोकांनी तिला नाव ठेवलं 'पेडेस्ट्रियन स्लायसर'. भाषांतर करत बसत नाही, पाव कापायची सुरी आठवा म्हणजे झालं.

ही कमान सत्तर वर्षं टिकली. १९०४ ते १९७५. मग ब्रिटनने मोटरसायकलला पुढची नंबर प्लेट लावायची सक्तीच काढून टाकली, कारण उघड होतं, धडकेत माणसाला होणारी इजा. आणि २००१ च्या नव्या नियमांनी उरलंसुरलं संपवलं. १ सप्टेंबर २००१ पासून नोंदलेल्या मोटरसायकलला प्लेट फक्त मागे. त्याआधीची गाडी असेल तर मालकाची मर्जी, पुढे ठेवा नाहीतर काढा. त्यामुळे आज तिथे जुनी क्लासिक गाडी हौसेने ठेवणारे लोक ही कमान अजून मिरवतात, आणि ते कायदेशीर आहे.

आता आपल्याकडे या. भारतात मोटर वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आपल्या एमएच १२, एमएच ०१ वगैरे पाट्या त्याच वेळच्या. या कायद्याखालच्या केंद्रीय मोटर वाहन नियमांतला ५० वा नियम म्हणजे आपल्या विषयाचं घर. त्यात मोटरसायकलबद्दल एक वाक्य आहे. मी ते वाचलं तेव्हा अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. त्याचा आशय असा: पुढचा नंबर हँडलला समांतर, मडगार्ड धरून समोर तोंड असलेल्या कुठल्याही भागावर लावावा, गाडीच्या अक्षाच्या रेषेतल्या पाटीवर लावण्याऐवजी.

'ऐवजी'! कशाच्या ऐवजी? त्या इंग्लिश कमानीच्या. जुन्या कोडबेसमध्ये कधीकधी एखादी कॉमेंट सापडते ना, 'आता हे असं करू नका', आणि त्यावरूनच आपल्याला कळतं की आधी सगळे तसंच करत होते. तसं हे वाक्य आहे. नियम लिहिणाऱ्याला फक्त 'हँडलला समांतर लावा' एवढं म्हणून चाललं असतं. पण त्याला माहीत होतं की देशभर गाड्यांच्या मडगार्डवर ती पट्टी उभी आहे.

आणि ती होतीच. रॉयल एनफिल्ड मद्रासला १९५५ मध्ये आली ती आपलं सगळं इंग्लिश सामान घेऊन. जुन्या बुलेटचं पुढचं मडगार्ड आठवा. माझ्या काकांच्या बुलेटवर ती कमान अजून आहे. नंबर समोर वेगळ्या पाटीवर गेला, पण कमान त्यांनी काही उतरवली नाही. तिच्यावर एका बाजूला कुलदैवताचं नाव आहे, दुसऱ्या बाजूला चुलतबहिणीचं. "ती काढली तर गाडी टकली दिसेल," असं काकांचं म्हणणं. काकांच्या प्रेमाबद्दल मी काही बोलणार नाही, पण ब्रिटनने ती जागा पादचाऱ्यांसाठी रिकामी केली आणि आपल्याकडे ती नावांसाठी रिकामी झाली, हे खरं आहे.

बरं, पुढची प्लेट आपण ठेवली. ब्रिटनने काढली, आपण नुसती वळवली. हा फरक लक्षात असू द्या.

आता बाजूच्या प्लेटचा दुसरा जन्म, अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गाड्या हलक्या करायची टूम निघाली. मडगार्ड कापा, जे नको ते काढून फेका. हे बॉबर. साठच्या दशकात त्याचे झाले चॉपर, पुढचा फोर्क लांबच लांब, हँडल उंच. १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमाने ते जगभर पोचवलं. आणि आमच्या पिढीकडे ते आलं २००३ नंतर डिस्कव्हरी चॅनलवरच्या 'अमेरिकन चॉपर'मधून, बापलेकांची भांडणं बघता बघता. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर त्या एपिसोडच्या फाइल्स पेनड्राइव्हवरून फिरायच्या. असो.

नंबर प्लेटची अडचण साधी आहे. ती मागच्या मडगार्डवर, टेललाइटच्या खाली बसते. मडगार्डच कापलं तर प्लेट लावायची कुठे? त्यात मागचं टायर रुंद होत गेलं. मग ती सरकली बाजूला, एक्सेलवर किंवा फ्रेमवर. बहुतेक वेळा डावीकडे, कारण हार्लेचे सायलेन्सर असतात उजवीकडे आणि तापलेल्या नळीजवळ कुणी प्लेट लावत नाही. अमेरिकेतली मोटरसायकलची प्लेट साधारण ७ इंच बाय ४ इंच. ती बाजूला आडवी लावली तर बाहेर फार येते, पाय अडकतो, भिंतीला घासते. म्हणून फिरवून उभी केली. कुठेही चोरी नाही, लबाडी नाही, निव्वळ जागेचा प्रश्न. निदान सुरुवातीला तरी.

मग प्रत्येक राज्याने आपापली भूमिका घेतली. कॅलिफोर्नियाचं म्हणणं सरळ आहे: अक्षरं सरळ उभी हवीत, डावीकडून उजवीकडे वाचता आली पाहिजेत, प्लेट हलता कामा नये, आणि मागची प्लेट जमिनीपासून १२ इंचांच्या वर आणि ६० इंचांच्या खाली हवी. म्हणजे बाजूला लावली तरी फिरवायची नाही. चॉपरच्या बुटक्या मागच्या एक्सेलवर १२ इंचांची अट सांभाळणं हीच मोठी कसरत.

फ्लोरिडाचा नियम मला जास्त आवडतो, कारण त्यात नियम करणाऱ्याने खरंच विचार केलाय असं वाटतं. प्लेट पक्की बसवलेली हवी, बटण दाबून वर उचलली जाणारी नको, झाकणारं काही नको. आडवी लावली तर प्रश्नच नाही. उभी लावायची असेल, वरून खाली वाचायची, तर परवानगी आहे, पण एका अटीवर: मालकाचं प्रीपेड टोल खातं चालू हवं आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर गाडीवर हवा. म्हणजे काय, तर तुझी उभी प्लेट आमच्या टोलच्या कॅमेऱ्याला वाचता येत नाही, हरकत नाही, मग कॅमेऱ्याला वाचायची वेळच येऊ देऊ नकोस. भांडण कशावरून आहे ते ओळखून तेवढंच मिटवलं.

इथे जरा माझ्या धंद्यातलं. गाडीचा नंबर कॅमेऱ्याने वाचायचं तंत्र ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन विभागात १९७६ मध्ये तयार झालं. म्हणजे पुढची प्लेट सुटली त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हापासून आजपर्यंत मूळ पायऱ्या त्याच आहेत. आधी चित्रात आयत शोधायचा. त्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण तपासायचं. वाकडा असेल तर सरळ करायचा. मग अक्षरं सुटी करून एकेक ओळखायची. उभी प्लेट दुसऱ्याच पायरीवर बाद होते, कारण रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला आयत ही प्लेट असेल असं प्रोग्रामला वाटतच नाही. तुम्ही म्हणाल, मग फिरवून बघा की ९० अंशात. बघता येतं. चार ओळींचं काम आहे. पण मग रस्त्यावरची प्रत्येक उभी पाटी, दुकानाचा खांब, ट्रकच्या मागचा स्टिकर, सगळंच उमेदवार होतं, आणि चुकीचे नंबर वाढतात. चुकीचा नंबर म्हणजे कुणातरी निरपराध माणसाच्या मोबाइलवर ई-चलान. त्यामुळे उभ्या प्लेटचा खर्च ती लावणारा भरत नाही, दुसराच कुणीतरी भरतो.

युरोपचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं सगळं कोनमापकाने लिहिलेलं आहे. युरोपीय नियमांनुसार मोटरसायकलची मागची प्लेट गाडीच्या मधल्या उभ्या प्रतलाला काटकोनात हवी, गाडीच्या दोन्ही बाजूंच्या टोकांच्या आत हवी, आणि आकाशाकडे झुकवायची तर फार तर ३० अंश. म्हणजे बाजूला लावायला वाव आहे, पण हँडलच्या रुंदीबाहेर नाही आणि तोंड मागेच. जर्मन लोकांनी २०११ मध्ये आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली, मोटरसायकलच्या प्लेटची रुंदीच कमी केली. आधी ती २८ सेंटिमीटर असायची. पाटीच लहान झाली की ती लपवायची हौसही कमी होते.

परत घरी येऊ. आपल्याकडे प्लेटवरचा मोठा वाद बाजूला लावण्याचा कधी नव्हताच. आपला वाद होता अक्षरांचा. इंग्रजी ४१४१ मधून 'दादा' काढायचा, ४९१२ मधून 'पवार', २१४ मधून 'राम', ८०५५ चा 'बॉस'. गल्लीतला रेडियमवाला हा या कलेचा खरा उस्ताद. नियम ५१ प्रमाणे मोटरसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षरं ३५ मिलिमीटर आणि आकडे ४० मिलिमीटर उंच हवेत. ब्रिटनमध्ये ६४. म्हणजे आपली अक्षरं मुळातच लहान, त्यात त्यांची वेलबुट्टी केली की वाचणार कोण?

त्यावर उतारा म्हणून २००१ मध्ये हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा नियम आला. ॲल्युमिनियमची प्लेट, निळं अशोकचक्राचं होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवला की तोडल्याशिवाय न निघणारा स्नॅप लॉक. दुचाकीला पुढे २८५ बाय ४५, मागे २०० बाय १००. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ही योजना वैध ठरवली, तरी रखडत रखडत १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच यायला लागली. त्याआधीच्या गाड्यांचं महाराष्ट्रात काय चाललं ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, आणि ३१ मार्च २०२५ ची मुदत पुढे पुढे ढकलत नेलेली. रेडियमवाल्याचा धंदा मात्र त्यात बसला, त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

कस्टम गाडीवाल्यांची पंचाईत इथे झाली. माझ्या एका मित्राने जुन्या बुलेटची बॉबर केलीय, प्लेट डावीकडे, उभी. तो फिटमेंट सेंटरवर गेला. तिथल्या मुलाने गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "दादा, मागचं मडगार्ड घेऊन या ना." त्याचं बरोबर होतं. स्नॅप लॉकची दोन भोकं ठरलेल्या अंतरावर असतात, ब्रॅकेट मात्र मित्राने आपल्या मनाने वेल्ड केलेला.

कायदा काय म्हणतो? मागचा नंबर पांढऱ्या दिव्याने उजळलेला हवा आणि मागून १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. कलम ३९ म्हणतं की नंबर 'विहित पद्धतीने' लावलेला नसेल तर गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, आणि त्याचा दंड हजारांत जातो. साध्या नियमभंगाचं कलम १७७ लावलं तर पहिल्यांदा ५०० आणि पुढे १५०० पर्यंत. शिवाय कलम ५२ आहे, गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करू नका म्हणणारं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ चांगलाच कडक लावला. प्लेट बाजूला नेणं हा कलम ५२ चा भंग की फक्त नियम ५० चा, यावर वकील तासभर बोलतील. चौकातल्या हवालदाराला तेवढा वेळ नसतो. माझं मत विचाराल तर बाजूला लावलेली, पण आडवी, मागे तोंड केलेली, दिवा असलेली प्लेट कुणाचंही नुकसान करत नाही. नुकसान करते ती फिरवलेली आणि झुकवलेली.

हे मी नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीला सकाळी सहा वाजता, दूध घेऊन येताना, एका मोटरसायकलने उडवलं. पोरगा थांबला नाही. खुब्याचं हाड मोडलं. समोर चहाची टपरी होती, टपरीवाल्या काकांनी गाडी पाहिली, रंग सांगितला, सायलेन्सरचा आवाजसुद्धा करून दाखवला. नंबर? एमएच १२, पुढे काही नाही. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी पाठमोरी स्वच्छ दिसते. प्लेट सीटखाली आत वळवलेली होती, टेल टायडी म्हणतात ती. फुटेजमध्ये दिसते फक्त प्लेटची कड. पत्र्याची एक रेघ. मी ते फुटेज घरी आणून फ्रेम फ्रेम करून बघितलं, कॉन्ट्रास्ट वाढवला, शार्प केलं. जे पिक्सेलमध्ये आलंच नाही ते कुठून काढणार?

आता हिशेब बघा. गाडी सापडली असती तर तिचा थर्ड पार्टी विमा लागू झाला असता. माणसाला झालेल्या इजेसाठी त्या विम्याला रकमेची मर्यादा नाही. ऑपरेशन, फिजिओथेरपी, सहा महिने बंद पडलेले शिवणाचे क्लास, सगळं मागता आलं असतं, न्यायाधिकरणापुढे. गाडी सापडली नाही, म्हणून मावशी 'हिट अँड रन' योजनेत गेली. १ एप्रिल २०२२ पासून त्या योजनेत मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये. आधी ते २५,००० आणि १२,५०० होते, म्हणजे वाढले म्हणायचे. मावशीच्या ऑपरेशनचं बिल या ५०,००० च्या कितीतरी पुढे गेलं. मधला सगळा फरक एका वळवलेल्या पत्र्याचा.

म्हणून मला फ्लोरिडावाल्यांचा नियम आवडला तरी तो जसाच्या तसा इथे उचलता येणार नाही असं वाटतं. त्यांचा कॅमेरा टोलसाठी बघतो. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोलच नाही, फास्टॅग नाही, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. आपल्याकडे दुचाकीचा नंबर वाचतो तो टपरीवरचा माणूस. तोही दोन सेकंदांत, मान तिरकी करायला वेळ नसताना. त्याच्याकडे ट्रान्सपॉन्डर वाचायचं यंत्र नसतं.

त्या मित्राने शेवटी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. ब्रॅकेट तोडला, डावीकडेच पण आडवा, मागे तोंड करून नवा वेल्ड करून घेतला, भोकांचं अंतर सेंटरवरून मोजून आणलं, वर एक छोटा पांढरा एलईडी बसवला. प्लेट आता पिंडरीला लागते, चालताना शिव्या घालतो. सेंटरवाल्याने ती बसवून दिली, फोटो काढला आणि म्हणाला, "चालेल की नाही माहीत नाही, पण वाचता येतंय." पुढच्या भागात ट्रकच्या मागच्या पाट्या. तोवर नमस्कार.